विमा ह्यांचा, शिडी माझी

आमच्या घरात जिवाशी खेळणारं माणूस एकच, असं आम्ही दोघांनीही पक्कं धरून ठेवलं होतं. ते माणूस म्हणजे आमचे हे. मी बापडी घरात असणारी, मला काय होणार? या समजुतीपायी माझ्या डाव्या मांडीत आज एक सळी आहे. सकाळी पलंगावरून पाय खाली टाकला की ती मला माझी अक्कल दाखवते. मग मी थोडा वेळ तशीच बसून राहते. उठायचं कशासाठी, हेही त्या वेळी नीट आठवत नाही.

आमचं घर रत्नागिरीहून पावसला जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला. पुढे अंगण, मागे परसू, परसवाच्या कडेला चिऱ्यांच्या बुटक्या भिंतीचा गडगा आणि गडग्याला लागून सुरंगीचं एक जुनं झाड. समुद्र घरातून दिसत नाही, पण उधाणाच्या दिवसांत ऐकू येतो. मी एका खासगी बालवाडीत जन्मभर पोरांची नाकं पुसली. हे मिरकरवाड्याच्या मासळी बंदरात एका बर्फाच्या कारखान्यात हिशेब लिहायचे. पेन्शन दोघांनाही नाही. नोकरी संपली तेव्हा ह्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं, मला नुसतंच घड्याळ. त्यामुळे घरात वेळेला काही तोटा नाही.

ज्या माणसाची उभी हयात मिरकरवाड्यात गेली त्याला मासळीची काय ददात? संध्याकाळी पिशवीतून काही ना काही यायचंच. तरी रविवार उजाडला की हे काठी, गरी आणि आमिषाला कोळंबी घेऊन खडपावर जायचे. खडप म्हणजे समुद्रात शिरलेला काळा कातळ. ओहोटीला तो उघडा पडतो. त्याच्या टोकाशी बसून गरी टाकायची आणि पाणी भरायला लागलं की माघारी यायचं. याला आमच्याकडे गरवणं म्हणतात. मासा मिळेलच असं नाही. मिळाली तर एखादी तांबोशी, नाहीतर बोटाएवढं काहीतरी, जे मांजरसुद्धा हुंगून सोडतं. निवृत्त झाल्यावर तर ह्यांना रोजच रविवार झाला.

खडपाचा भरवसा धरू नये. वर शेवाळ, खाली घळी, आणि माणसाने पाठ फिरवली की लाट हमखास मोठी येते. मी बोलून बोलून दमले. "विकत मिळतं ते मरणाच्या दारात जाऊन का आणायचं?" असं मी किती वेळा विचारलं असेल.

"अगो, मासा आणायला कोण जातंय?" हे म्हणायचे. "तिथे घटकाभर कोणी बोलत नाही, म्हणून जातो."

हा टोला मला होता की कारखान्यातल्या गलक्याला, हे मी कधी विचारलं नाही. काही गोष्टी न विचारलेल्याच बऱ्या.

दर नारळी पुनवेला हे आमच्या माडाचा एक नारळ समुद्राला देऊन यायचे. हात जोडून काय बोलायचे ते त्यांचं त्यांना ठाऊक. घरी आले की पाय धुता धुता म्हणायचे, "झाला आपला वर्षाचा विमा!" मी हसायचे. तेव्हा हसायला येत होतं.

ह्यांच्यासोबत गरवायला एक शिंपी यायचे. बाजारात त्यांचं लहानसं दुकान होतं. माझी सगळी पोलकी त्यांच्याच हातची. एका सकाळी, भरती लागता लागता, त्यांचा पाय सटकला आणि ते दोन खडकांमधल्या घळीत गेले. ह्यांनी आणि आणखी एकाने दोरीने ओढून वर काढलं म्हणून जीव वाचला, पण कमरेचं हाड गेलं. त्यांना कोल्हापूरला हलवलं. आमच्या रत्नागिरीत 'कोल्हापूरला हलवलं' एवढ्यात सगळं येतं. ऐकणारा पुढचं विचारत नाही. तो 'अरेरे' म्हणतो आणि मनातल्या मनात आपल्या घरात सोनं किती आहे ते आठवून बघतो.

शिंप्यांचा विमा नव्हता. पुढच्या पावसाळ्यापर्यंत दुकान गेलं आणि शिलाईची यंत्रंही गेली. माणूस घरी आला, पण काठी टेकत. मी त्यांना भेटायला गेले तर म्हणाले, "वहिनी, पाण्यात पडलो तेव्हा भ्यालो नाही. इस्पितळाचं बिल बघून भ्यालो." ते वाक्य मी घरी येईपर्यंत चघळत राहिले. रात्री जेवण गेलं नाही.

त्या दिवसापासून मी तागडी घेऊनच बसले म्हणा. एका पारड्यात ह्यांचं गरवणं, दुसऱ्यात इस्पितळ. पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलीला फोनवर सांगितलं तर तिने लगेच निकाल दिला. "बाबांचं खडपावर जाणं बंद कर, नाहीतर विमा काढ. आणि काढशील तर दोघांचा काढ." आजकालच्या मुलांचं सगळं असं पटकन ठरतं. आम्हाला एक छत्री घ्यायची तर दोन पावसाळे जातात.

आधी मी गरवणं बंद करून बघितलं. ह्यांची काठी माळ्यावर टाकली आणि माळ्याची शिडी काढून घेतली. ह्यांनी ती परत मागितली नाही. शिंप्यांचं झालेलं तेही विसरले नव्हते. ते पडवीत बसू लागले. पडवीतून माजघरात आले, माजघरातून स्वयंपाकघरात. "भाताला पाणी जास्त नाही ना झालं?" "ही फोडणी नेहमी अशीच करतेस?" "या डब्यात काय आहे? मग वर तसं लिहून का ठेवत नाहीस?" बर्फाच्या लाद्या मोजलेला माणूस माझ्या कोकमाच्या बरण्या मोजायला लागला. दुपारी मी जरा आडवी झाले की हे उशाशी येऊन विचारत, "झोपलीस का?" काही दिवस मी दात आवळून काढले. मग एका ओहोटीला मीच शिडी लावली, काठी खाली काढली आणि त्यांच्या हातात दिली. "जा," म्हटलं, "पण विमा काढूनच."

विमेवाला पोरगा माझ्याच बालवाडीतला. लहानपणी डबा उघडायच्या आधीच रडायचा. आता मिशा राखून स्कूटरवरून आला. परसवाच्या बाजूने आला तेव्हा त्याला सुरंगीला टेकवलेली माझी बांबूची शिडी आडवी आली, ती जरा बाजूला करून त्याने स्कूटर लावली. मी हे सगळं खिडकीतून बघत होते. चहा झाल्यावर त्याने कागद काढले आणि ह्यांना विचारलं, "काका, छंद काय काय आहेत? धोक्याचे असले तर सांगावे लागतात."

"मला कसला छंद? मी काय पत्ते खेळतो?"

"सांगा की खडपाचं," मी म्हटलं.

"गरवणं हा छंद कधीपासून झाला?" हे खरंच चिडले. "माझे आजोबा गरवायचे, वडील गरवायचे. त्यांना नाही कोणी छंदिष्ट म्हटलं!"

पोरगा हसला. "बाई, गरवणं यात नाही येत. उंचावर चढणं, उंचावरून उड्या मारणं, असलं काही आहे का?"

आम्ही तिघंही हसलो. "हे?" मी म्हटलं. "हे स्टुलावर चढून दिवा बदलत नाहीत!"

मग काहीतरी ओळखपत्र हवं झालं म्हणून मी कपाट उघडलं. आदल्या वर्षीची सुकलेली सुरंगी मी कपड्यांच्या घडीत ठेवते, तिचा वास बाहेर आला. "काय वास आहे हो बाई!" पोरगा म्हणाला. "माझ्याच हातची," मी ऐटीत सांगितलं, "अजून मीच झाडावर चढून काढते." "वा वा," तो म्हणाला आणि त्याने ह्यांची जन्मतारीख लिहून घेतली. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, पण आम्हा तिघांना आरसा समोर धरून काकण दिसलं नाही.

दोघांचा एकत्र विमा काढला तर हप्ता बराच वाढत होता, कारण मला साखर. तेवढे पैसे नव्हते असं नाही. घराचे वासे वाळवीने पोखरले होते, ते बदलायला रक्कम बाजूला ठेवली होती. पावसाआधी छप्पर व्हायलाच हवं होतं. मी म्हटलं, "माझं राहू दे."

"बाई, दोघांचं केलंत तर बरं," पोरगा म्हणाला.

"अरे, मी कुठे जातेय? घर आणि बाजार. जो खडपावर जातो त्याचा काढ."

हे म्हणाले, "तिचाही काढू या." एकदाच म्हणाले, पण म्हणाले. मी नाही म्हणून मान हलवली. मुलीने सांगितलेली इस्पितळाच्या खर्चाची सरकारी योजना होती, तिचं कार्डही आम्ही काढलं नाही. ते आपल्यासारख्यांना नसतं, असं उगाच ताठ्याने ठरवून ठेवलेलं. खिशात काही नसताना ताठा मात्र आमच्याकडे पिढीजात आहे.

विमा झाला. मला वाटलं होतं, आता माझी झोप मला परत मिळेल. तसं काही झालं नाही. उलट हे खडपावर आणखी चार पावलं पुढे जाऊन बसायला लागले. काही बोललं की म्हणायचे, "आता काळजी कसली? विमा आहे ना!" विमा इस्पितळाचे पैसे देतो, वाहून गेलेलं माणूस आणून देत नाही, हे मी त्यांना कसं सांगायचं? ओहोटी संपायच्या सुमाराला माझे कान आपोआप फाटकाकडे लागायचे. फाटक वाजलं की मी गॅसची आच वाढवायचे आणि काही झालंच नाही अशा थाटात विचारायचे, "मिळालं का काही?" वर्षानुवर्षं हे करून माणूस आतून झिजतो. पण झिजलेलं कोणत्या विम्यात बसतं?

आता माझ्या शिडीचं सांगते.

शिमग्याच्या सुमाराला सुरंगी फुलते. तिच्या कळ्या शेंड्याला नाही, जुन्या फांद्यांना चिकटून झुबक्यांनी येतात. त्या उन्हं यायच्या आत काढायच्या. ऊन लागलं की कळी उमलते, मधमाश्या येतात आणि फूल वळेसराच्या कामाचं राहत नाही. वळेसर म्हणजे या कळ्यांचा घट्ट ओवलेला गजरा. शिमग्यात आमच्या गावदेवीची पालखी घरोघर येते. ती आमच्या अंगणात टेकते तेव्हा तिला आमच्या झाडाचा वळेसर घालायचा, ही या घरातली रीत. लग्न होऊन आले त्या वर्षी सासूबाईंनी शिडी धरली आणि मी चढले. पुढे त्या गेल्या, शिडी धरणारं कोणी उरलं नाही, तरी मी चढत राहिले. सूनबाई येईल तेव्हा बघू म्हणायला मुलगा नव्हता, आणि मुलगी सुरंगीच्या वासाने शिंकते.

मी लोकांना सांगायचे की देवीची सेवा आहे, करावी लागते. खोटं नव्हतं ते. पण पालखी येते एक दिवस आणि मी चढायचे सगळा हंगाम. खरं सांगायचं तर मला ते वर जाणं आवडायचं. गार हवा, अंगाला सुरंगीचा वास, खाली कौलांवर मांजर पसरलेलं आणि घर माझ्या पायांच्या खाली. चहाची हाक नाही, चष्मा कुठे ठेवलाय ही हाक नाही. मी झाडात असले की मला कोणी हाक मारत नसे. ह्यांचं 'घटकाभर कोणी बोलत नाही' हे मला मनातून का बोचायचं, ते आता कळतं. तेच सुख मी रोज सकाळी त्या झाडावर चोरून घेत होते, आणि त्याला सेवा म्हणत होते.

विमा काढल्यानंतरच्या पहिल्याच शिमग्यात, पालखी यायच्या दिवशी सकाळी हे ओहोटी साधून खडपावर गेले. पालखीच्या नैवेद्यानंतर घरात मासा शिजतो, तर आपल्या हातचा असावा, असं म्हणाले. मी म्हटलं, "भरतीच्या आत या. दगडावरून सांभाळून चाला." ते गेले आणि मी करंडी घेऊन शिडीवर चढले. पदर खोचला, एक हात फांदीला, दुसऱ्या हाताने कळ्या. करंडी अर्धी भरली असेल. वरच्या फांदीला एक झुबका होता, त्याच्याकडे हात केला आणि पायाखालची पायरी कटकन मोडली. विमेवाल्याने बाजूला केलेली शिडी मी परत लावली होती, पण ती गेली कित्येक वर्षं पावसात उभी होती, हे कोण बघतंय? मी गडग्यावर पडले. चिऱ्यावर मांडी आदळली तो आवाज मी ऐकला. आधी आवाज आला आणि दुखणं नंतर आलं.

ओरडायला श्वास नव्हता. मी आकाशाकडे बघत पडले होते, अंगावर कळ्या पसरलेल्या. मनात आलं ते देवाचं नाव नव्हे. मनात आलं, गॅसवर दूध आहे. गडग्यापलीकडे एक शेजारीण गुरांना गवत टाकायला आली होती, ती धावली. "बाय माझे, हलू नको गो! हाय तशीच पडून ऱ्हा!" तिनेच दूध उतरवलं, तिनेच माणसं जमवली.

हे फाटकातून आले तेव्हा अंगणात माणसं होती. हातात एक तांबोशी, चांगली मोठी. त्या हंगामातली सगळ्यात मोठी, असं नंतर शेजारणीने सांगितलं. ती कोणी खाल्ली ते आम्हाला आजतागायत ठाऊक नाही.

रत्नागिरीत फोटो काढला. खुब्याजवळ हाड दोन ठिकाणी मोडलं होतं, वर साखर वाढलेली. डॉक्टर म्हणाले, कोल्हापूरला न्या. झालं, म्हटलं, आता बाजारात लोक 'अरेरे' म्हणत असतील. गाडी पालीला आली तेव्हा चालकाने चहासाठी क्षणभर थांबवली. ह्यांनी चहा घेतला नाही. माझ्या उशाशी बसून ते माझ्या केसांतून सुरंगीच्या कळ्या वेचत होते, एक एक करून खिशात टाकत होते. घाटात प्रत्येक वळणाला मी ओरडायचे आणि ते म्हणायचे, "आलंच." काय आलं, कोण जाणे.

इस्पितळात शिरलो. मी ढकलगाडीवर, हे नोंदणीच्या खिडकीशी. आतल्या माणसाने विचारलं, "विमा आहे का?"

"आहे!" हे इतक्या घाईने म्हणाले की मलाही क्षणभर खरं वाटलं. सदऱ्याच्या खिशातून त्यांनी प्लास्टिकमध्ये घातलेलं ते कार्ड काढलं. खडपावर जाताना ते नेहमी जवळ ठेवायचे, भिजू नये म्हणून मीच त्याला प्लास्टिक शिवून दिलं होतं. कार्डाबरोबर दोन कळ्या खाली पडल्या.

त्या माणसाने कार्ड बघितलं. "हे तुमच्या नावाचं दिसतंय. पेशंट कोण?"

ह्यांनी कार्डाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मी नाही," ते म्हणाले. इतका लहान आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

मला हसू आलं. दुखत असताना हसू येणं फार वाईट. "पडायचं तुम्ही होतंत," मी म्हटलं, "पडले मी." मग मात्र रडू आलं, आणि ते बराच वेळ थांबलं नाही. दुखण्याचं नव्हतं ते. शिंप्यांचं वाक्य आठवलं होतं.

वाशांची रक्कम गेली. माझ्या पाटल्या गेल्या. उरलेलं मुलीने भरलं आणि भरताना एकदाच म्हणाली, "आई, मी दोघांचा काढायला सांगितलं होतं. अपघाताला पहिल्या दिवसापासून मिळतं ग." मी आणि तिचे बाबा दोघंही तिच्यासमोर बालवाडीतल्या पोरांसारखे बसलो होतो.

त्या पावसाळ्यात छप्पर गळलं. माझा पलंग हे घरभर ओढत फिरले, जिथे धार नाही तिथे. एका पावसात माजघर, दुसऱ्या पावसात ओटी. आणि खडप सुटलं. मी 'जाऊ नका' म्हटलं नाही, तेही 'जात नाही' म्हणाले नाहीत. मला उठवायचं, बसवायचं, भांडं द्यायचं, गोळ्या द्यायच्या, भात लावायचा. या सगळ्यात ओहोटी कधी लागली आणि कधी संपली हे त्यांना कळेनासं झालं. ज्यासाठी मी इतकी वर्षं भांडले ते आपसूक झालं होतं. आता घरात बसले आहेत, सुखरूप आहेत, माझ्या नजरेसमोर आहेत, आणि मला त्यात एवढंसंही सुख वाटत नव्हतं. ह्यांचा चेहरा पाणी न घातलेल्या रोपासारखा झाला होता. फोडणी कशी करावी हेही आता सांगत नव्हते. स्वतःच करत होते, आणि जाळत होते.

दिवाळीच्या आधी विमेवाल्या पोराला बोलावलं. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय. त्याने माझे कागद बघितले, साखरेचा आकडा बघितला, सळीचा फोटो बघितला. "बाई," तो म्हणाला, "आता जरा कठीण आहे." लहानपणी रडताना करायचा तसंच तोंड केलं त्याने. मीच त्याला चहा दिला आणि म्हटलं, "जाऊ दे रे." सरकारी कार्ड मात्र आता काढलं आहे. ताठा कोल्हापूरलाच राहिला.

म्हणजे हिशेब असा राहिला. ज्याचा विमा आहे तो कुठे जात नाही, आणि जिचा नाही तिने पुन्हा पडायचं नाही. वॉकर धरून न्हाणीघरापर्यंत जाताना मी रोज हेच घोकते. नवी शिडी आणायची नाही, असं मीच सांगून ठेवलं होतं. पालखीला यंदा बाजारची फुलं घालू, देवी काही बोलत नाही.

शिमगा आला तशी सुरंगी फुलली. झाडाला कोणी सांगितलं नव्हतं. पहाटे खिडकीतून वास यायचा, मी खिडकी लावून घ्यायचे. मग वासाशिवाय झोप यायची नाही म्हणून उघडायचे. ह्यांना माझं हे खिडकीचं चाललेलं कळत होतं. पालखी यायच्या दिवशी सकाळी जाग आली तर शेजारी हे नाहीत. माझ्या मनात पहिलं आलं, गेले खडपावर. आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. म्हटलं, जाऊ देत, एक दिवस तरी कोणी बोलणार नाही त्यांच्याशी.

तेवढ्यात परसवात काहीतरी धपकन वाजलं. वॉकर घेऊन मी मागच्या दाराशी गेले. सुरंगीला नवी शिडी लावलेली, आणि जो माणूस स्टुलावर चढून दिवा बदलत नाही तो तिच्या मधल्या पायरीवर डोळे मिटून उभा. करंडी हातातून सुटून खाली पडली होती.

"उतरा!" मी ओरडले. "आधी खाली उतरा! हे वय आहे का तुमचं? कोणी सांगितलं होतं हे?"

त्यांनी डोळे उघडले, पण खाली बघितलं नाही. दोन्ही हातांनी फांदी धरून ठेवली होती. "ओरडू नको गो," ते म्हणाले. "विमा माझा आहे. चढायचं मीच ना?"

त्यांनी चाचपडत एक मूठ तोडली आणि खाली टाकली. त्यात पानं होती, काटक्या होत्या, उमललेली फुलंही होती.

"कळ्या!" मी म्हटलं. "नुसत्या कळ्या! उमललेली नकोत!"

"बरं," ते म्हणाले, आणि आणखी एक पायरी वर गेले. शिडी जराशी हलली. मी वॉकर गडग्याला टेकवला, पाय ओढत झाडापर्यंत गेले आणि दोन्ही हातांनी शिडी धरून उभी राहिले.